सादळलेलं ऊन

मनवा बुगडला एका जागी बसता येत नसे, आणि चाचणी केंद्रातलं तिचं काम नेमकं एका जागी बसायचं होतं. समोर काचेची मोठी पेटी. पेटीत दमट, घामट हवा, वर भगभगीत दिवा आणि मधोमध टांगलेला कापडाचा तुकडा. खालचं यंत्र त्या तुकड्याला सारखं झुलवत राही. बाजूला एक आकडा. आकडा उतरला की मॅडमना सांगायचं, एवढंच काम. अकरावीच्या बाकीच्या पोरी तिथं बसून पेंगायच्या. मनवा पेटीभोवती फेऱ्या मारायची आणि आकड्याशी भांडायची.

त्या सोमवारी आकडा ऐंशीच्या खाली गेला.

"गेलं," ती म्हणाली.

मुल्ला मॅडम आपल्या टेबलावरून लगेच उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. केंद्राच्या त्या प्रमुख. बोलणं तिखट, पण डब्यातली भाकरी मात्र सगळ्यांत वाटून खाणार. आज त्या नुसत्या उठल्या. त्यांनी दिवा बंद केला आणि पेटीचं दार उघडलं. सगळ्या खोलीत पावसाळ्यातल्या कपाटासारखा वास पसरला.

म्हणजे दुसरी खेपही पडली होती. आता उरली एकच.

हे सगळं सुरू झालं ऊनसुतामुळं. ते बनवणाऱ्या कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण इचलकरंजीनं पहिल्याच आठवड्यात त्याचं ऊनसूत करून टाकलं. केसाहून बारीक तांब्याची तार, तिच्यावर एका खास स्फटिकाचा पातळ थर. या स्फटिकावर ऊन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि वाट शोधायला लागतात. (मनवाला हे इलेक्ट्रॉन फार जवळचे वाटायचे.) उभ्या धाग्यांत ऊनसूत, आधाराला त्याच्या शेजारी कापूस, आणि आडव्या धाग्यांत चांदीचा मुलामा दिलेलं सूत घेतलं, की जिथं जिथं दोघं एकमेकांना छेदतात तिथं तिथं इलेक्ट्रॉनला वाट मिळते. म्हणजे प्रत्येक छेद हा एक चिमुकला सौरघट. एका वारात असे लाखो. काच नको, जड चौकट नको. कापड विणायचं, त्याला पारदर्शक लेप द्यायचा आणि द्राक्षबागेवर जाळीसारखं पसरायचं. खाली वेलींना सावली, वर वीज.

आणि कापड विणायचं तर ते इचलकरंजीनं नाही विणायचं तर कुणी? मनवा लहान होती तेव्हा इथले माग भंगारात किलोवर विकले जात होते. पप्पांनीही चार विकले होते. मग सरकारनं कायदा केला: सौरजाळीची वीज दहा वर्षं ठरलेल्या भावानं घेऊ, पण जाळीचे शंभरातले साठ हिस्से राज्यातच तयार झाले पाहिजेत. सूत इथलं, विणाई इथली, लेप इथला. शिवाय गावात चाचणी केंद्र काढायचं आणि त्यात गावातल्याच शाळेची पोरं शिकाऊ म्हणून घ्यायची. मनवा तिथं होती ती त्या कलमामुळं.

पण कायद्याला शेपूटही होतं. सुरुवातीची सूट संपली की तीन खेपांत एक तरी नमुना पेटीत टिकायला हवा. तीन आठवडे ओल, ऊन आणि वारा खाऊन शंभरातली ऐंशी ताकद शाबूत राहिली पाहिजे. नाही राहिली, तर साठ हिश्श्यांची अट रद्द. मग परदेशातली तयार जाळी बोटीनं यायला मोकळी.

"हे कसलं," मनवा एकदा चिडून म्हणाली होती, "द्यायचं पण आणि काढून घ्यायचं पण."

तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "पोराला बोट धरून चालवायचं असतं, बाई. पण ते कॉलेजात जायला लागल्यावरही आई बोट धरून मागं मागं फिरली तर लोक हसतात. आणि बागवाल्यांनी काय पाप केलंय? त्यांनी तुमची पडकी जाळी किती वर्षं घ्यायची?"

यावर मनवाच्या पायांना खाज सुटली आणि ती पेटीभोवती फिरायला लागली.

पडत का होतं, ते कुणालाच कळत नव्हतं. हेच सूत पुण्याच्या प्रयोगशाळेत विणलं की पेटीत नव्वदच्या वर टिकायचं. कंपनी म्हणे, विणणाऱ्यांचा दोष. विणणारे म्हणत, कंपनी आपल्याला उरलंसुरलं सूत पाठवते. मॅडम दोनदा सगळे कारखाने फिरून आल्या, मागांचे ताण मोजले, लेपाची जाडी मोजली. सगळं ठीक.

तिसऱ्या नमुन्यासाठी विणकर संघानं चिठ्ठी काढली. नाव निघालं संग्राम बुगड. मनवाचे पप्पा. नमुना शनिवारी द्यायचा होता.

गावात त्या आठवड्यात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. चहाच्या गाड्यावर लोक पप्पांना हाक मारून बसवायचे आणि मग नुसते त्यांच्याकडं बघत राहायचे. एकानं तर, संग्रामभाऊ, आता सगळं तुमच्या हातात, असं म्हणून त्यांचा हातच धरून ठेवला. पप्पा तसे गप्पिष्ट माणूस. त्या आठवड्यात ते जेवताना ताटातल्या आमटीशी सुद्धा बोलले नाहीत. मम्मीनं दोनदा विचारलं, तर म्हणाले, होईल सगळं.

मनवाला हे "होईल सगळं" खटकलं. पप्पांना काळजी असली की ते बडबडतात. गप्प बसतात ते काहीतरी ठरवून झाल्यावर.

गुरुवारी ती शाळा, केंद्र आटपून आली आणि जुनं दप्तर काढायला माळ्यावर चढली. पत्र्याच्या पेटीमागं, चादरीत गुंडाळलेला, जाळीचा एक रोल होता. तिनं चादर बाजूला केली. कापड सुंदर होतं, नको इतकं सुंदर. एक धागा इकडचा तिकडं नाही. आणि काठ? मागावरच्या कापडाचा काठ विणलेला असतो, आडवा धागा कडेला वळून परत आत जातो. या कापडाचा काठ गरम पात्यानं कापून चिकटवलेला होता. असलं यंत्र सबंध जिल्ह्यात नव्हतं.

ती माळ्यावरून उतरली नाही, जवळजवळ पडलीच.

पप्पा पडवीत स्कूटर चार्जिंगला लावत होते. तिनं फक्त एवढंच विचारलं, की तो रोल कुणाचा. पप्पांनी नाटक केलं नाही. चंदूशेठचा, म्हणाले. चंदूशेठ सुताचा व्यापारी, अट रद्द झाली तर परदेशी जाळीची पहिली एजन्सी आपलीच, असं उघड सांगत फिरणारा.

"तो तुम्हाला कशाला मदत करेल?"

"त्याला दोन्हीकडं धंदा आहे. अट राहिली तर सूत विकेल, गेली तर जाळी. मला मिंधा करून ठेवला की झालं."

"आणि तुम्ही त्याच्यावर आपला शिक्का मारून पेटीत ठेवणार."

पप्पा खाली बसले. मग मात्र ते बोलायला लागले, आणि एकदा लागल्यावर थांबेनात. दोन खेपा पडल्या, तिसरी पडणारच, कारण काही बदललेलंच नाही. पडली की अट गेली, अट गेली की पुढच्या दिवाळीपर्यंत निम्मे माग परत भंगारात. दोष सापडायला वेळ हवा, आणि वेळ हवा तर अट टिकायला हवी. एकदाच. एका तुकड्यापुरतं. कुणाचं घर बुडत नाही त्यात.

"आणि मी?" मनवा म्हणाली. "मी त्या पेटीसमोर उभी असते, पप्पा. तीन आठवडे मी त्या आकड्याकडं बघायचं आणि मनात काय म्हणायचं?"

पप्पांनी मान वर केली नाही. म्हणाले, तू लहान आहेस. हे वाक्य त्यांनी आजवर कधी तिला म्हटलं नव्हतं. ती सहावीत मागाची मोटार जोडायला बसली तेव्हासुद्धा नाही.

ती चालत सुटली. कुठं, ते तिलाही माहीत नव्हतं. पाय नेतील तिकडं. पाय गेले कारखान्यात. घरामागंच होता तो, आठ मागांचा, आणि आतल्या खडखडाटात कुणाला रडू ऐकू जात नाही ही तिची लहानपणापासूनची सोय होती.

आत आप्पा होते. मनवाचे आजोबा, सत्तरी ओलांडलेले, कानानं जरा कमी, पण आठ मागांतला कुठला खोकतोय ते पायाच्या तळव्यांना कळणारे. दुपारच्या पाळीचं त्यांचं ठरलेलं काम चाललं होतं. हातात झारी, आणि मागांमधल्या बोळातून फरशीवर पाणी शिंपडत, पाठीमागून पोत्यानं सारवत ते पुढं सरकत होते. खिडक्या सगळ्या बंद. बाहेर मार्चचं ऊन भाजत होतं आणि आत शिरल्यावर तोंडावर ओला रुमाल टाकल्यासारखं वाटायचं.

"काय झालं गं? नाक का लाल?" आप्पा ओरडून म्हणाले.

काही नाही, म्हणून तिनं ओढणीनं तोंड पुसलं. ओढणीत गळ्यातलं ओळखपत्र अडकलं. केंद्रात सगळ्यांच्या ओळखपत्रावर एक निळा ठिपका असतो. हवेत ओल वाढली की तो गुलाबी होतो. पेटी गळत असेल तर लगेच कळावं म्हणून. केंद्रात तो नेहमी निळा. मनवा ओळखपत्र घरी येतानाच काढून दप्तरात टाकायची, कारण मम्मी म्हणायची की गळ्यात घंटा बांधल्यासारखं दिसतं. आज राहिलं होतं.

ठिपका रसरशीत गुलाबी होता.

ती बघत राहिली. मग दाराबाहेर गेली. ऊन अंगावर घेऊन उभी राहिली. ठिपका हळूहळू फिका पडला, जांभळा झाला, निळा झाला. ती आत आली. गुलाबी. परत बाहेर. परत आत. आप्पांना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

"आप्पा, हे पाणी किती वर्षं मारताय?"

"मी न्हाई, माझा बा मारत हुता. सूत तहानलेलं असतंय, बाळा. हवा कोरडी पडली की कापसाचं सूत कडकडतंय आन् तुटतंय. ओल असली की कसं लोण्यासारखं चालतंय बघ."

"मग मुल्ला मॅडम दोनदा येऊन गेल्या. त्यांच्यासमोर पण मारलंत?"

आप्पांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं विचारलं होतं की पाहुण्यांना बसायला पाट देता का.

"पाव्हणी यायची म्हटल्यावर कोण फरशी ओली करतंय? सायब लोकांचे गुळगुळीत बूट. घसरून पडली म्हंजे? त्या दिवशी सगळ्या गावानं फरश्या पुसून कोरड्या ठेवल्या हुत्या. खिडक्यासुदिक उघडल्या."

मनवानं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं.

कारण ऊनसुताचा तो स्फटिक, साऱ्या उन्हाला पुरून उरणारा तो स्फटिक, एका गोष्टीला भितो. पाण्याला. वाफेला सुद्धा. पापड सादळतो तसा तो सादळतो. दिसायला तसाच, पण कुरकुरीतपणा गेलेला. म्हणून तर शेवटी लेप देतात, ओल आत जाऊ नये म्हणून. पण सूत विणतानाच सादळलं असेल तर? मग तो लेप म्हणजे सादळलेला पापड बरणीत भरून झाकण घट्ट लावण्यातला प्रकार. ओल आतच कोंडली. वर दिवा तापला की आतल्या आत स्फटिक विरघळत जाणार. पुण्याची प्रयोगशाळा कोरडीठाक, म्हणून तिथं टिकतं. आणि इथं साठ हिस्से गाठायचे म्हणून इथलंच कापसाचं सूत घ्यायचं, कापसाला पाणी लागतं, म्हणून गाव पिढ्यान्‌पिढ्या करत आलं ते करणार, आणि पाहुणे आले की तेवढंच आदबीनं झाकणार.

तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की माझी अक्कल गहाण पडली होती, फरशी कोरडी दिसली आणि मी खूश झाले. मनवानं विचारलं, मग शनिवार पुढं ढकलता येईल ना? आता कारण कळलंय.

"कारण पेटीत टांगता येत नाही, मनवा. कापड टांगावं लागतं."

फोन ठेवल्यावर, रोलचं बोलायचं राहिलं, का तिनं राहू दिलं, ते तिचं तिलाच ठरवता येईना.

रात्री जेवताना तिनं पप्पांना ठिपका दाखवला. पप्पांनी ओळखपत्र हातात घेतलं, कारखान्यात जाऊन आले, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण मग ते म्हणाले ते तिनं ओळखायला हवं होतं. सापडलं ना कारण? मग तर झालंच. या खेपेला चंदूशेठचं देऊ, अट वाचेल, पुढं सगळं गाव कोरडं विणायला शिकेल. आता तर पापही नाही त्यात.

"उद्या एक नमुना विणू की," मनवा म्हणाली. "कोरड्यात. दोनच वार तर लागतात."

"कोरड्यात कापूस टिकत नाही."

"तुटला तर सांधू."

पप्पा म्हणाले, उद्या मला संघाच्या कामाला कोल्हापूरला जायचंय. नको म्हणाले नाहीत. मनवानं तेवढंच धरलं.

शुक्रवारी तिनं शाळेला दांडी मारली आणि सकाळीच कारखान्याच्या खिडक्या उघडायला सुरुवात केली. गंजलेल्या कड्या दगडानं ठोकून काढल्या. कोरडा वारा आत आला आणि कोपऱ्याकोपऱ्यांतली वर्षानुवर्षांची कापसाची तूस उडून सगळ्यांच्या केसांवर बसली. मम्मीनं पोत्यांनी फरशी पुसली. आप्पा मात्र झारी धरून दारात उभे होते, कुणी ती हिसकावून घेईल अशा धास्तीनं.

एका मागावर बंद डब्यातलं नवं ऊनसूत चढवून तो सुरू केला. ठिपका निळा. आणि फणीचे दोन ठोके पडले न पडले तोच कापसाचा धागा तुटला. माग थांबला. सांधला, सुरू केला, परत तुटला. मग एकदम तीन. ऊनसूत तारेचं, ते धड राही. तुटायचा तो त्याच्या शेजारचा बिचारा कापूस. सकाळ संपेपर्यंत वीतभरही कापड झालं नव्हतं आणि त्या वीतभरात ठिकठिकाणी गाठी दिसत होत्या.

आप्पांना ते बघवेना. म्हणाले, बुगडांच्या मागावरून गाठीचं कापड कधी उतरलं न्हाई. असलं कापड बाजारात पोतेरं म्हणून बी कुणी घेत न्हाई.

"आप्पा, पेटीला डोळे नाहीत. गाठी दिसत नाहीत तिला."

"मला हायत की डोळं."

"मग तुम्ही दुसरीकडं बघा," मनवा म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग झारी खाली ठेवून मागाजवळ आले, आणि तिच्या हातातली दोन तुटकी टोकं घेऊन म्हणाले, "गाठ तरी नीट मार. ही चपलेच्या नाडीची गाठ झाली. विणकराची गाठ बारीक पायजे आन् वडलं की घट्ट व्हायला पायजे." त्यांनी एक टोक दुसऱ्याखालून नेलं, अंगठ्यावर वळसा घेतला, ओढलं. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी गाठ. मनवाला ती शंभरदा मारून जमली. जमायला लागली तेव्हा मम्मी म्हणाली, अकरावीच्या पोरीला विणकराची गाठ आली, आता लग्न जमायला हरकत नाही. त्यावर तिघंही वेड्यासारखी हसली, कारण सगळी भुकेली होती.

चार वाजता धागा तुटायचा थोडा कमी झाला, का त्यांचे हात सरावले, कुणास ठाऊक. दिवस कलता कलता दोन वार कापड उतरलं. मनवा ते छातीशी धरून संघाच्या लेपाच्या टाकीकडं धावली. लेप वाळल्यावर मीटर लावून पाहिलं, आकडा पुण्यासारखाच. पण सादळलेल्या कापडाचाही पहिल्या दिवशी आकडा चांगलाच असतो. खात्री म्हणून तिच्याकडं होता तो दिवसभर निळा राहिलेला एक ठिपका.

पप्पा आले, हातपाय धुतले, आणि कापड मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत बसले. आंधळा माणूस वाचतो तसे.

"ही गाठ आप्पांची," ते म्हणाले. "ही तुझ्या आईची." मग एका ठिकाणी बोट थांबलं. "ह्या कुणाच्या?"

"माझ्या."

"तीन आठवडे ते यंत्र हलवणार, मनवा. एक गाठ सरकली की धागा ढिला पडला, धागा ढिला पडला की छेद सुटला. तुझ्या गाठींवर मी सगळं गाव टांगू?"

तिला या प्रश्नाचं उत्तर येत होतं, आणि ते हो असं नव्हतं. तिनं कापडाचा लोंबता काठ सावरला. मग म्हणाली, "मी मॅडमना त्या रोलचं सांगणार नाही. पण उद्या तुम्ही सही कराल तेव्हा मी समोर असेन."

शनिवारी पप्पा दोन्ही रोल घेऊन निघाले. दोन्हींना एकच चादर. मनवा स्कूटरवर मागं बसली.

केंद्रात मनवा नमुना कापायची कात्री घेऊन टेबलापाशी जाऊन उभी राहिली, पाठ ताठ. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, पप्पांकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, बाहेर जा. नियम आहे: ज्यांच्या घरचा नमुना, तो घेताना त्या घरच्या शिकाऊनं खोलीत थांबायचं नाही. मनवाला नियम माहीत होता. तिनंच तो नवीन पोरींना पाठ करायला लावला होता. कालपासून तो तिच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता.

दार बंद झालं.

ती व्हरांड्यात फिरायला लागली. या टोकाहून त्या टोकाला. पप्पा गाठींचा रोल हातात घेऊन बाहेर आले, तर आत कुठलं कापड राहिलं ते तिला कळणार होतं. मग? आत जाऊन सांगायचं? सगळ्या गावाचे माग एका वाक्यात बंद करायचे, आणि पप्पांना त्या खोलीत सगळ्यांसमोर उभं करायचं? की तीन आठवडे त्या आकड्यासमोर उभं राहून तो नव्वदच्या वर आहे म्हणून खूश व्हायचं? तिला आजवर प्रत्येक गोष्टीवर मत होतं. आता तिनं मनात शोधलं, तर तिथं नुसता खडखडाट. शिपाई म्हणाला, पोरी, फरशी झिजवतेस का. ती बसली. उठली. परत बसली.

दार उघडलं. पप्पा बाहेर आले. काखेत चादरीत गुंडाळलेला एक रोल. चादर घट्ट होती. काठ दिसत नव्हता.

ते तिच्याजवळून पुढं गेले, पायऱ्या उतरले, स्कूटरपाशी थांबले, आणि तिथून म्हणाले, "येतेस का? चंदूशेठकडं जायचंय. हे परत द्यायला. मला एकट्याला जायला जड वाटतंय."

मनवाला पायऱ्या किती होत्या ते कळलं नाही.

स्कूटरवर तिनं तो रोल मधे उभा धरला. वाऱ्यानं चादरीचं टोक सुटलं आणि परदेशी कापड तिच्या गालाला घासू लागलं, गुळगुळीत, थंड. पप्पा वळणावर म्हणाले की आत मॅडमनी कापड बघितलं, गाठी बघितल्या, काही विचारलं नाही, फक्त सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी केली, म्हणाले. मग पुढचं सगळं ते वाऱ्याशीच बोलत राहिले. पास झालो तर काय, पडलो तर काय, कोरड्यात विणायला सूत कुठलं घ्यायचं, आधीच सुताला लेप दिला तर, आप्पांना कसं समजवायचं. बडबड. मनवानं डोळे मिटून ती सगळी ऐकली.

चंदूशेठ गोडाऊनच्या दारातच बसले होते. रोल बघून त्यांनी भुवया उंचावल्या. बसायला सांगितलं नाही.

"मग तिथं काय ठेवलंत? ते फाटकं-तुटकं?" त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. या गावात लपून विणता येत नाही. "अहो, एका दिवसात पोरीनं शिकलेल्या गाठी त्या. वाऱ्यात पहिल्या आठवड्यात सुटतील. मग येणारच आहात की माझ्याकडं."

पप्पांनी रोल त्यांच्या गादीवर ठेवला. चादर सोडवून नीट घडी केली, काखेत घेतली. मग मनवाकडं पाहिलं, उत्तर तिच्याकडं असल्यासारखं.

"सुटायच्या नाहीत," मनवा म्हणाली. "ओढल्या की घट्ट होतात."